जुन्या वर्तमानपत्रांत एक नाव शोधताना: मुंबईतून सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझ्या पणजीचं नाव रमा. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ती तुरुंगात जाऊन आली, एवढं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुठल्या तुरुंगात, किती दिवस, कुणाबरोबर, हे सांगणारं मात्र कुणी उरलं नव्हतं. मी शोधायला बसले. पहिल्याच संध्याकाळी ‘रमाबाई’ टाकलं आणि नोंदींचा ढीग समोर आला. त्यातली एक रमाबाई मी आपली मानली आणि आठ महिने तिच्यामागे फिरले. ती दुसऱ्याच कुणाची तरी पणजी होती.

तुमचे ते आठ महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. आजोबा, पणजी, गावातला एखादा शिक्षक, चाळीतला कार्यकर्ता, कुणालाही शोधत असाल तरी क्रम हाच ठेवा. शोधाच्या चौकटीत नाव टाकणं हे त्यातलं बरंच नंतरचं काम आहे.

१. आधी घरातून नावाची सगळी रूपं गोळा करा

एक वही घ्या. पहिल्या पानावर त्या माणसाची सगळी नावं लिहा: पाळण्यातलं, हाक मारायचं, शाळेतलं, सासरचं, लोक ज्या नावानं ओळखत ते.

बाईला शोधत असाल तर माहेरचं नाव सगळ्यात आधी विचारा. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर नावही बदलायचं. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह झाला तेव्हा गोदूबाई आनंदीबाई झाल्या. म्हणजे लग्नाआधीच्या शाळेच्या बक्षीस समारंभाची बातमी तुम्ही सासरच्या नावानं शोधत राहिलात, तर ती कधीच सापडणार नाही. मी हा प्रश्न घरात शेवटी विचारला. तुम्ही तसं करू नका.

पुरुषांचंही कमी गुंतागुंतीचं नाही. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. ‘बाळ’ हे घरात हाक मारायचं नाव आणि तेच पुढे देशभर झालं.

मग त्या नावामागे छापखान्यानं काय काय लावलं असेल ते लिहा: रा. रा., चि., कु., सौ., गं. भा., कै. हे बिरूद नीट बघितलंत तर अर्धं काम होतं. ‘सौ.’ असेल तर नवरा हयात, ‘गं. भा.’ असेल तर बाई विधवा. माझी पणजी १९२७ मध्येच विधवा झाली होती. मी मात्र इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘मिसेस’ आणि मराठीत ‘सौ.’ लावून शोधत होते.

इंग्रजी वर्तमानपत्रांत बाईचं नाव पुष्कळदा नसतंच. ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याची आद्याक्षरं एवढंच असतं. त्यामुळे नवऱ्याचं, सासऱ्याचं, दिराचं नावही वहीत हवं.

२. साल ठरवा, निदान पाच वर्षांच्या पट्ट्यात आणा

जुन्या मराठी पत्रांचा मोठा भाग अजून शब्द टाकून शोधता येत नाही. पान उलटत जावं लागतं. पाच वर्षांचं दैनिक म्हणजे दीड हजाराहून जास्त अंक. त्यामुळे काळ जितका आवळाल तितका जीव वाचेल.

घरातली माणसं साल सांगत नाहीत, खूण सांगतात. त्या खुणांची सालं अशी: ‘प्लेगात’ म्हणाले तर १८९६ च्या पावसाळ्यानंतर, कारण मुंबईत साथ मांडवीपासून सुरू झाली ती त्या सप्टेंबरात. ‘मानमोडीत’ म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. ‘गोदीचा स्फोट झाला तेव्हा’ म्हणजे १४ एप्रिल १९४४. ‘पानशेत फुटलं’ १२ जुलै १९६१, ‘कोयनेचा भूकंप’ ११ डिसेंबर १९६७. वहीत त्यांनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि साल शेजारी वेगळ्या रंगात लिहा. तुमचा अंदाज चुकला तरी मूळ वाक्य शाबूत राहतं.

घरात मृत्यूची तारीख माहीत नसते, पण श्राद्धाची तिथी पक्की असते. तिचा उपयोग करा. दोन-तीन संभाव्य सालं धरून त्या तिथीला कुठली इंग्रजी तारीख येते ते जुन्या पंचांगात किंवा संगणकावरच्या पंचांगात बघा. इथे एक खड्डा आहे: उत्तरेकडची पंचांगं पौर्णिमान्त असतात, म्हणजे त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. आपला श्रावण वद्य पक्ष त्यांच्याकडे भाद्रपदाचा कृष्ण पक्ष असतो. महाराष्ट्राची, अमान्त पद्धत निवडली नाही तर पूर्ण महिन्याचा फरक पडेल. त्या साली अधिक मास होता का, तेही तपासा.

जुन्या अंकावर शके असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९. शके १८५२ चा ज्येष्ठ म्हणजे १९३०, पण त्याच शकातला माघ १९३१ मध्ये येतो.

३. इंग्रजीत ते नाव कसं लिहिलं असेल, याची यादी करा

आजच्या स्पेलिंगवर विसंबू नका. एकोणिसाव्या शतकात साहेबानं कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. आखूड ‘अ’साठी आपण आज ए लिहितो, तेव्हा सर्रास यू लिहीत. दीर्घ ‘ई’साठी डबल ई, ‘ऊ’साठी डबल ओ. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावात त्या काळी ‘ज’नंतरही यू आहे आणि ‘श’च्या जागी एस लावून त्यानंतरही यू, शेवटी डबल टी. आजच्या स्पेलिंगनं शोधलंत तर मुंबईची पहिली रेल्वे आणणाऱ्या मंडळींतला हा माणूस त्या काळच्या पत्रांत होताच कुठे, असं वाटेल. आनंदीबाई जोशींचं आडनाव अमेरिकेतल्या पत्रांत शेवटी डबल ई लावून येतं.

प्रत्येक नावासाठी निदान सहा रूपं लिहा. ‘रमाबाई’ची माझी यादी अशी होती: सलग एक शब्द, ‘रमा’ आणि ‘बाई’ सुटे, मध्ये आडवी रेघ, ‘र’नंतर यू, ‘बाई’च्या शेवटी आयऐवजी ई, आणि ओळ संपल्यामुळे तुटलेलं नाव, म्हणजे एका ओळीच्या शेवटी ‘रमा’ आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला ‘बाई’. हे शेवटचं रूप यंत्राला जोडता येत नाही. त्यासाठी नुसतं ‘रमा’ आणि सोबत गावाचं नाव, असा शोध घ्या.

गावांचंही तसंच. गिरगावच्या शेवटी व्हीऐवजी यू-एम, पुण्याचं ‘पूना’, ठाण्याचं ‘टाना’. अक्षर अनिश्चित असेल तिथे बऱ्याच संग्रहांत प्रश्नचिन्ह किंवा तारांकन चालतं. कुठलं चिन्ह कशासाठी, ते त्या संग्रहाच्या मदत पानावर पाच मिनिटं देऊन वाचा.

४. देवनागरीतल्या अडचणी

जुनं मराठी लेखन म्हणजे न उच्चारलेले अनुस्वार: नांव, गांव, गिरगांव, केलें, रमाबाईंनीं. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधीच्या मजकुरात हे असणारच. दोन्ही रूपांनी शोधा.

स्कॅन केलेल्या पानावरून यंत्र अक्षरं ओळखतं, तेव्हा झिजलेल्या खिळ्यांनी घोटाळा होतो. ‘ख’चं ‘रव’ होतं, ‘म’चं ‘भ’, ‘घ’चं ‘ध’. रखमाबाई ‘रवमाबाई’ होते, रमा ‘रभा’ होते. वेडगळ वाटलं तरी ही चुकीची रूपंही टाकून बघा. मला दोन नोंदी अशाच मिळाल्या.

आणि शून्य निकाल आला म्हणजे नाव छापलंच गेलं नव्हतं, असं कधीही धरू नका.

५. त्या नावाची प्रसिद्ध माणसं आधी बाजूला काढा

माझे आठ महिने इथे गेले, म्हणून इथे जरा थांबते.

‘बाळ गंगाधर’ हे घ्या. दर्पण काढणारे बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) हे बाळ गंगाधर. टिळक (१८५६–१९२०) हेही बाळ गंगाधर. मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री बाळासाहेब खेर (१८८८–१९५७) तेही बाळ गंगाधर. तिघेही सार्वजनिक जीवनातले, तिघांचीही नावं वर्तमानपत्रांत वारंवार. साल लावल्याशिवाय ही नोंद कुणाची ते सांगताच येणार नाही.

‘रमाबाई’ची गोष्ट अधिक अवघड, कारण या स्त्रिया एकाच काळात, एकाच दोन शहरांत वावरल्या. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला. त्याच वर्तुळात रमाबाई रानडे होत्या. मार्च १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी शारदा सदन मुंबईत उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. न्यायमूर्ती रानडे १८९३ मध्ये हायकोर्टात आले, तेव्हापासून १९०१ मध्ये ते वारले तोवर रानड्यांचं बिऱ्हाड मुंबईत. १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन निघालं तेव्हा पुन्हा रमाबाई रानडे. त्यामुळे मुंबईच्या पत्रात १८८९ मध्ये नुसतं ‘रमाबाई’ असेल तर बहुधा पंडिता, १८९५ मध्ये असेल तर बहुधा रानडे. पुढे १९३५ च्या मे महिन्यात दादरला वारलेल्या रमाबाई आंबेडकर. शिवाय माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई इतिहासावरच्या लेखांत आणि नाटकांच्या जाहिरातींत सारख्या भेटतात.

अशी एक यादी तुमच्या नावासाठी तयार करा: प्रसिद्ध माणूस, त्यांची सालं, गाव, संस्था. मग निकाल चाळताना हात झरझर चालतो.

उलटही होतं. नाव जाणूनबुजून लपवलेलं असतं. रखमाबाईंनी १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली ती ‘एक हिंदू स्त्री’ या सहीनं. नांदायला यावं म्हणून नवऱ्यानं भरलेल्या दादाजी विरुद्ध रखमाबाई खटल्यात त्यांचं खरं नाव उघडपणे आलं, आणि इंग्रजीत तेही पहिल्या अक्षरानंतर यू लावून. तुमच्या माणसानं पत्रं लिहिली असतील तर ‘एक शिक्षक’, ‘एक गिरणी कामगार’ अशा सह्यांकडेही लक्ष ठेवा.

आणखी एक सांगायला हवं. सगळ्यांची नावं सारखी छापली गेली नाहीत. वकील, डॉक्टर, शेठजी यांचं पूर्ण नाव यायचं. गिरणीत काम करणारी बाई बातमीत आली तर अपघाताच्या किंवा पोलीस कोर्टाच्या रकान्यात, आणि तीही नुसत्या नावानं. आडनाव नाही, पत्ता नाही. तुमचं कुटुंब अशा वस्तीतलं असेल तर मोठ्या इंग्रजी पत्रांवर वेळ घालवण्याआधी चळवळीची पत्रं बघा: नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईतून चालवलेला दीनबंधू, १९२० चा मूकनायक, १९२७ पासूनचा बहिष्कृत भारत, पुढे जनता. बाबासाहेबांच्या मूकनायक आणि बहिष्कृत भारतचे अंक महाराष्ट्र शासनानं पुस्तकरूपानं पुन्हा छापले आहेत. ते हातात धरून शांतपणे वाचता येतात.

६. घरबसल्या काय बघता येतं

एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईचं ‘ग्रंथसंजीवनी’ हे संकेतस्थळ पहिलं. मग इंटरनेट अर्काइव्ह. बॉम्बे क्रॉनिकलचे अंक तिथे मिळतात आणि स्वातंत्र्यलढ्यातल्या मुंबईसाठी त्यासारखं दुसरं इंग्रजी दैनिक नाही. टाइम्स ऑफ इंडियाचे १८३८ पासूनचे अंक प्रोक्वेस्ट या संगणकावरच्या संग्रहात शब्दानं शोधता येतात, पण त्याला वर्गणी लागते. ती घरून भरू नका. तुमच्या किंवा मुलांच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ही सोय आहे का ते विचारा. गुगलनं स्कॅन केलेली जुनी पत्रं अजून दिसतात, पण ते काम २०११ मध्येच थांबलं. तिथे शोधण्यापेक्षा तारखेनं पान उघडणं बरं.

परदेशी संग्रह विसरू नका. ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह, न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट, सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा वृत्तपत्र संग्रह, तिन्ही मोफत. तारेनं गेलेली मुंबईची बातमी तिकडे छापून यायची. माणूस बोटीवर, गोदीत किंवा पलटणीत असेल तर नक्की बघा.

सरकार देशी पत्रांचा दर आठवड्याला इंग्रजीत गोषवारा काढत असे. ज्या मराठी पत्रांचे अंक आज मिळत नाहीत त्यांतला काही मजकूर या अहवालांत टिकला आहे. पण तो राजकीय मजकूर. लग्न, निधन, बक्षिसं तिथे नसतात.

पत्रांच्या नावांवरून फसू नका. टिळक-आगरकरांचा १८८१ चा ‘मराठा’ इंग्रजी साप्ताहिक होता. आचार्य अत्र्यांचा १९५६ चा ‘मराठा’ मराठी दैनिक. ‘बॉम्बे टाइम्स’ हे टाइम्स ऑफ इंडियाचंच १८३८ सालचं नाव. दर्पणमध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी असे, तेव्हा दोन्ही रकाने वाचा.

७. ग्रंथालयात जाताना

मुंबईत मुख्य ठिकाणं अशी: फोर्टला टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आणि त्याच इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालय (१९५४ च्या कायद्यानं देशातली पुस्तकं आणि १९५६ च्या दुरुस्तीनं वर्तमानपत्रंही जिथे जमा व्हायला हवीत अशा ग्रंथालयांपैकी हे एक), काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय, दादर पूर्वेला नायगावात १८९८ मध्ये स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. मध्य रेल्वेवर राहणाऱ्यांनी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालयही बघावं, ते १८९३ चं. केसरीसाठी मात्र पुण्याला केसरीवाड्यात जा.

सोबत न्या:

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, दोन्हींच्या दोन-दोन छायाप्रती
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- एका पानाचा अर्ज: तुम्ही कोण, कुणाला शोधता, कुठली पत्रं, कुठून कुठपर्यंतची सालं
- शिसपेन्सिल, शाईचं पेन जुन्या कागदाजवळ नको
- भिंग, मास्क, हात पुसायला सुती रुमाल
- वही आणि नावांची यादी कागदावर. आत नेटवर्क मिळेलच असं नाही

निघण्याआधी फोन करा. तीन गोष्टी विचारा: त्या सालाची फाईल आहे का, ती वाचायला देतात का, आणि फोटो काढायला परवानगी लागते का. मी हे न विचारता एका ग्रंथालयात सकाळी दहाला पोचले. फाईल होती, पण कागद इतका ठिसूळ झाला होता की ती बाहेर काढणं बंद केलं होतं. मायक्रोफिल्म होती, यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. पूर्ण दिवस वाया गेला.

अर्जात ‘माझ्या कुटुंबाचा इतिहास’ एवढंच लिहू नका. ‘१९३० च्या मे-जूनमधले मुंबईतल्या सत्याग्रही स्त्रियांच्या अटकेचे वृत्तांत’ असं नेमकं लिहिलंत की आतली अनुभवी माणसं स्वतःहून दुसरी फाईल काढून देतात. मला ज्या फाईलमध्ये पणजी सापडली, ती मी मागितलेलीच नव्हती. काउंटरमागच्या बाईंनी माझा अर्ज वाचला आणि म्हणाल्या, “इंग्रजी कशाला बघताय, याद्या मराठीत पुऱ्या यायच्या.”

फाईल उघडल्यावर पहिलं पान सोडा. तुमचं माणूस तिथे नसतं. आतल्या पानांवरच्या बारीक टायपातल्या याद्या वाचा: परीक्षेचे निकाल, फंडाला आलेल्या वर्गण्या, साभार पोच, नाटक कंपनीच्या जाहिराती, कोर्टाचे निकाल, निधनवार्ता. केसरी दर मंगळवारी निघायचा, तेव्हा साप्ताहिकात घटनेनंतरचे दोन अंक तरी बघा.

८. सापडलं असं वाटलं की तीन खुणा जुळवा

नाव जुळणं ही खूण धरू नका. पत्ता, वय, नवऱ्याचं किंवा वडलांचं नाव, सोबतची माणसं, धंदा, संस्था. यांतल्या तीन स्वतंत्र गोष्टी जुळल्या तरच वहीत ‘नक्की’ लिहा. दोन जुळल्या तर ‘बहुधा’. एकच असेल तर नुसती नोंद ठेवा. आणि एकच बातमी चार पत्रांनी उचलली असेल तर ती चार पुरावे होत नाहीत, एकच राहतो.

मी आपली मानलेली ती रमाबाई वडाळ्याच्या मिठागरांवरच्या सत्याग्रहात पकडलेली होती. महिना जुळत होता, नाव जुळत होतं, मला हवी तशी ती शूरही होती. पत्ता माहीमचा होता, तिकडे मी काणाडोळा केला. आमचं घर तेव्हा ठाकूरद्वारला होतं. मराठी दैनिकाच्या जून महिन्याच्या अंकात, आतल्या पानावर, सोळा स्त्रियांच्या यादीत अकरावं नाव होतं: गं. भा. रमाबाई, आमचं आडनाव, ठाकूरद्वारची चाळ. तिच्या वरचं नाव शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाईंचं. ते आमच्या घरातल्या गोष्टींत नेहमी यायचं. तीन खुणा जुळल्या.

९. नोंद तिथल्या तिथे पुरी करा

पत्राचं नाव, गाव, तारीख, शके, पान, रकाना, ग्रंथालय, फाईलचा क्रमांक. फोटो काढलात तर एक फोटो पूर्ण पानाचा, ज्यात वरची तारीख दिसते, आणि दुसरा मजकुराचा. नुसतं कात्रण सहा महिन्यांनी निरुपयोगी होतं. कुठल्या पत्रातलं तेच आठवत नाही. ट्रोव्हवर यंत्रानं चुकीचं वाचलेलं नाव तुम्हाला स्वतः दुरुस्त करता येतं. ते करून ठेवा, पुढच्या माणसाला सापडेल.

मग ते पान मोठ्या अक्षरात छापून घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला दाखवा. मी माझ्या आत्याला दाखवलं. तिनं यादी बोटानं वाचत आणली, अकराव्या नावावर थांबली आणि म्हणाली, “हे तिचं सासरचं. माहेरी द्वारका म्हणायचे तिला. मुलींच्या शाळेत बक्षीस मिळालं होतं, लग्नाच्या आदल्या वर्षी.” लग्न १९०९ चं. आता वहीच्या नव्या पानावर ‘द्वारका’ लिहिलं आहे, खाली सहा स्पेलिंग, आणि १९०८ च्या बक्षीस समारंभांच्या फायली मागण्याचा अर्ज तयार आहे.